महू ते महेश्वर : मागे चालण्याचे चार दिवस

आमच्या स्काउट-गाइड दलाची डिसेंबरातील पदयात्रा महूहून निघून जाम दरवाजामार्गे महेश्वरला न्यायची, असे टोलीनायकांच्या मानसभेने, म्हणजे दलाचे निर्णय घेणाऱ्या त्यांच्या बैठकीने, ऑगस्टमध्येच ठरवून टाकले होते. आम्हा मोठ्यांकडे उरली ती कागदपत्रांची कामे : जिल्हा संघाची लेखी परवानगी, पालकांची संमतिपत्रे आणि वाटेवरील पोलीस ठाण्यांना व वनखात्याला द्यायची सूचना. दलातल्या मुलांच्या लहान गटाला आणि त्याच्या प्रमुखाला महाराष्ट्रात ‘संघ’ आणि ‘संघनायक’ म्हणतात, त्यांना आमच्याकडे इंदुरात ‘टोली’ आणि ‘टोलीनायक’ म्हणण्याची रीत आहे. घरी मराठी बोलणारी आमची मुले मैदानात उतरली की आज्ञा हिंदीतूनच देतात आणि हिंदीतूनच पाळतात. या खेपेला मोर व वाघ या दोन टोल्यांतले चौदा स्काउट आणि मोगरा टोलीतल्या आठ गाइड असा बावीस जणांचा ताफा होता.

सोबत मोठी माणसे पाच. बँकेतून निवृत्त झालेला मी, आमच्या गाइड कॅप्टन ताई, एके काळी याच दलात शिकलेले आणि आता महाविद्यालयात असलेले दोन रोव्हर, आणि पाचव्या, मोगरा टोलीतल्या एका मुलीची आई, जिला सगळी मुले काकू म्हणतात. साथीच्या काळात दल जवळजवळ बंद पडले होते आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा मुले सहज परतली, पण स्वयंसेवक परतले नाहीत. काकू आल्या त्या वेगळ्याच वाटेने : दर रविवारी मुलीला सोडून दीड तास बाहेर गाडीवर बसून राहण्यापेक्षा आत येऊन काहीतरी करावे, एवढाच त्यांचा विचार होता. माझ्या अनुभवात चांगले स्वयंसेवक बहुधा असेच मिळतात. आवाहनाची पत्रके वाटून आजवर एकही टिकला नाही.

पहिला दिवस, २५ डिसेंबर

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक पिशवी काट्याला लटकवून तोलण्याचा आमचा नियम आहे आणि मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा अधिक ओझे कोणाच्याही पाठीवर जाऊ द्यायचे नाही, हे मोजणे टोलीनायकांचे काम आहे. त्यानुसार तिळाचे लाडू, दोन डबे चकल्या, एक केस वाळवण्याचे यंत्र आणि एका आईने प्रेमाने दिलेली पितळी कळशी हे सर्व सामान घरी परत गेले. माझी पिशवी मात्र कोणी तोलली नाही आणि मीही ती पुढे केली नाही.

सकाळच्या गाडीने राऊमार्गे महूला पोहोचलो. स्थानकाचे नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे, पण तिकीट मागताना रांगेतला प्रत्येक जण ‘महू’ असेच म्हणत होता. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म या छावणीच्या गावात झाला, तेव्हा त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ येथील लष्करी शाळेत शिकवत होते. जन्मभूमीवरील पांढऱ्या घुमटाच्या स्मारकात मुले अर्धा तास होती. वाघ टोलीतला एक जण बाहेर आल्यावर म्हणाला की सुभेदार हे पद त्याला नुसते इतिहासाच्या पुस्तकातले वाटत होते, आणि ते शाळामास्तरही असू शकतात हे आज कळले. त्याच्या वहीत त्या दिवशीची तेवढीच नोंद आहे आणि ती पुरेशी आहे असे मला वाटते.

छावणीचे सरळ, झाडांनी झाकलेले रस्ते ओलांडून दुपारनंतर बडगोंद्याच्या दिशेने चालू लागलो. माळव्यात या दिवसांत गहू गुडघ्याला येतो आणि हरभऱ्याला घाटे धरू लागतात. शेताच्या बांधावरून एकापाठोपाठ एक जाणारी निळ्या रुमालांची रांग पाहून काम थांबवून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी दोनदा विचारले की ही मुले कोणत्या परीक्षेला चालली आहेत. एका शेतकऱ्याने आपल्या खळ्यात तंबू लावू दिले. रीफ नॉटला डॉक्टरी गाठ, शीट बेंडला जुलाहा गाठ आणि क्लोव हिचला खूंटा फास म्हणतात, हे मुलांना सभागृहात शिकवून महिने झाले होते. पण काळ्या जमिनीत खुंटी ठोकून वारा सुटल्यावरच खूंटा फास आणि साधी गाठ यांत काय फरक असतो ते कळते. दोन तंबू रात्री बसले. खिचडीत मीठ दोनदा पडले होते, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

झोपण्यापूर्वी आकाश निरखले. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, म्हणून शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधावा लागतो. हात लांब करून आवळलेली मूठ साधारण दहा अंशांची असते आणि ध्रुव क्षितिजापासून जितका वर दिसतो तितकेच त्या जागेचे अक्षांश असतात, हे सांगितल्यावर मुलांनी मुठीवर मूठ ठेवून मोजले. दोन मुठी आणि वर थोडेसे, असे बहुतेकांचे उत्तर आले. आम्ही साडेबावीस अंशांच्या आसपास होतो, म्हणजे थंडीने कापणाऱ्या हातांनीही बऱ्यापैकी बरोबर मोजले होते.

दुसरा दिवस, २६ डिसेंबर

या दिवसाविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे.

सकाळी मोर टोली अर्धा तास आधी निघाली, कारण वाटेवर खुणा मांडत जाण्याचे काम तिचे होते. दगडांचा बाण म्हणजे या दिशेने जा, फुली म्हणजे ही वाट नव्हे. खुणांची ही भाषा सगळ्यांना पाठ होती. मागून वाघ आणि मोगरा या टोल्या खुणा वाचत येणार होत्या आणि त्यांच्या मागे आम्ही. एका नाल्यापाशी गाडीवाटेचे दोन फाटे फुटत होते. मोर टोलीने तेथे बाण मांडला होता, हे पुढे त्यांच्या नोंदीवरून कळले. पण मधल्या वेळात शेळ्यांचा कळप तेथून गेला असावा, कारण आम्ही पोहोचलो तेव्हा दगड विखुरलेले होते. वाघ टोलीच्या नायकाने दोन मिनिटे विचार करून उजवीकडची रुंद वाट धरली.

ती वाट चुकीची आहे हे मला दिसत होते. चाचणीसाठी मी हा मार्ग नोव्हेंबरात चालून आलो होतो. काकूंनाही माझ्या चेहऱ्यावरून ते कळले असावे. त्या हळूच म्हणाल्या, “काका, तुम्ही सांगत का नाही त्यांना? उन्हं चढली आहेत आणि पाणी कमी आहे.” मी म्हटले, “पिण्याच्या पाण्याची एक जादा बाटली माझ्या पिशवीत आहे आणि ती वाट तासाभराने एका वस्तीला मिळते, धोका काही नाही. थोडे चालू द्या.” त्यांना ते पटले नाही. खरे सांगायचे तर वीस वर्षांपूर्वी मलाही पटले नसते. तेव्हा मी रांगेच्या पुढे शिट्टी घेऊन चालत असे आणि मुले माझ्या मागे मेंढरांसारखी येत, आणि तरीही मी स्वतःला चांगला स्काउट मास्टर समजत असे.

साधारण पाऊण तासाने मोगरा टोलीची नायिका थांबली. ती तेरा वर्षांची आहे आणि फारशी बोलत नाही. तिने विचारले, “आपण दक्षिणेला चाललोय ना? मग दुपार होत आली असताना सावल्या आपल्या मागे पडायला हव्यात. त्या उजवीकडे का पडताहेत?” सगळे खाली पाहू लागले. सावल्या खरोखरच उजवीकडे होत्या, म्हणजे आम्ही पश्चिमेला चाललो होतो. मग होकायंत्र निघाले, नकाशा पसरला गेला आणि वाघ टोलीच्या नायकाने, जो एरवी चूक कबूल करण्यापेक्षा दहा किलोमीटर जास्त चालणे पसंत करतो, सर्वांदेखत सांगितले की चूक त्याची आहे आणि यापुढे फाट्यावर दोन्ही टोल्यांनी मिळून निर्णय घ्यावा. मी मागे उभा राहून नारळाच्या वडीचा तुकडा चघळत होतो. काकू माझ्याकडे रागाने पाहत होत्या, पण बोलल्या नाहीत.

वस्ती लागली तेव्हा बाटल्या जवळजवळ रिकाम्या होत्या. भिलाला या आदिवासी समाजाच्या त्या वस्तीवर एका आजींनी हापशावरचे पाणी तर दिलेच, पण पोरे चालून आली आहेत हे कळल्यावर अंगणात पानिये लावायला घेतले. आमच्या अभ्यासक्रमात भांड्यांशिवाय स्वयंपाक असा एक विषय आहे आणि दरवर्षी आम्ही त्यात बटाटे भाजतो किंवा काठीला कणीक गुंडाळतो. आजींनी मक्याचे पीठ मीठ घालून मळले, पळसाच्या, म्हणजे इकडे ज्याला खाखरा म्हणतात त्याच्या दोन पानांमध्ये ते थापले आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवले. पान करपून सुटते तोवर आतली भाकरी भाजून निघते आणि पानाचा धुरकट वास तिला लागतो. त्यांनी दुसऱ्या खेपेला मुलींना थापायला बसवले, तिसऱ्या खेपेला मुलांना. पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा मोगरा टोलीने आपल्या शिध्यातला गूळ आणि चहापत्ती त्यांच्या नातवंडांसाठी ठेवली. वाट चुकली नसती तर ही वस्ती लागली नसती, असे काकूंनी स्वतःच संध्याकाळी म्हटले.

मुक्काम जाम गावाच्या कडेला पंचायतीने दाखवलेल्या मोकळ्या जागेवर होता. मोर टोली तेथे दोन तास वाट पाहत बसली होती आणि तिने चूल पेटवून वरणभाताची तयारी केली होती; मेतकूट पिशवीत आणण्याचे शहाणपण कोणाच्या तरी आजीचे होते.

शेकोटीभोवती प्रश्नोत्तरांचा खेळ झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीस मुलांचे शिबिर घेतले, भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली, ही उत्तरे पाठ असतात. पण भारतातली पहिली गाइड कंपनी १९११ मध्ये जबलपूरला, म्हणजे आपल्याच राज्यात निघाली, हे ऐकल्यावर मोगरा टोलीने असा जल्लोष केला की गावातली कुत्री भुंकू लागली. त्या वीस मुलांच्या चार टोल्या करून प्रत्येकीचा भार एका मुलावर सोपवला होता, ही गोष्ट मी त्यानंतर सांगितली. खरे तर सांगण्याची गरज नव्हती. दुपारी सावल्या पाहून थांबलेल्या मुलीला ती माझ्यापेक्षा चांगली कळली होती.

तिसरा दिवस, २७ डिसेंबर

पहाटे उठून जाम दरवाजापाशी गेलो. अहिल्याबाई होळकरांनी १७९१ मध्ये बांधलेला हा दगडी दरवाजा माळव्याच्या पठाराच्या अगदी काठावर उभा आहे. महेश्वर आणि माळव्याकडचा मुलूख यांमधल्या वाटेवरची ही खिंड. वरच्या मजल्यावरील खिडकीतून पाहिले तर समोर जमीन एकदम खाली जाते आणि डोंगरांच्या रांगांपलीकडे निमाड पसरलेला दिसतो. धुके दऱ्यांत अडकलेले होते. मुले बराच वेळ गप्प होती, जे आमच्या दलात क्वचित घडते.

उजेड झाल्यावर मात्र दुसरे दृश्य दिसले. नाताळच्या सुट्टीत येथे पर्यटकांची रीघ लागते आणि दरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या उतारावर वेफर्सची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, कागदी पेले व शेवेच्या रिकाम्या पिशव्या पसरलेल्या होत्या. शेवेच्या पिशव्यांवरच्या पत्त्यांवरून त्या कुठून आल्या हे वेगळे सांगायला नको. २०१७ पासून देशात स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळवणारे आमचे शहर घरी ओला व सुका कचरा निमूटपणे वेगळा करते आणि पन्नास किलोमीटरवर आले की हात झटकून मोकळे होते, याची मला लाज वाटली. मानसभेने या सकाळसाठी एक तास सेवेला राखून ठेवला होता. प्रत्यक्षात दोन तास लागले आणि सहा पोती भरली. ती पोती ठेवायची कुठे, याचा विचार कोणीच केला नव्हता, मीही नाही. शेवटी एका रोव्हरने भाजीच्या रिकाम्या टेम्पोवाल्याला विनवून ती मंडलेश्वरला पाठवली.

घाट उतरताना उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशी एकेरी रांग धरली होती आणि पुढे-मागे लाल झेंडे होते. तिसऱ्या वळणानंतर मोर टोलीतल्या एका मुलाचा पाय कडेच्या खडीवरून घसरून मुरगळला. मी धावतच पुढे झालो आणि त्याच्या बुटाची नाडी सोडू लागलो, तेव्हा मोर टोलीचा नायक म्हणाला, “काका, बूट काढायचा नसतो. सुजला तर पुन्हा जाणार नाही.” तो बरोबर होता. मदत दूर असताना बुटावरूनच आठच्या आकड्याची पट्टी बांधावी, हे मीच त्याला दोन वर्षांपूर्वी शिकवले होते. मी बाजूला झालो. त्यांनी दोघांच्या रुमालांची पट्टी बांधली, दोन लाठ्यांभोवती घोंगडी दुमडून झोळी केली, ती रिकामी उचलून आणि मग टोलीतल्या सर्वांत जड मुलाला तीत बसवून तपासली, आणि नंतरच जखमीला तीत घेतले. तो मुलगा झोळीतून सगळ्यांना हसत सूचना देत होता. वाहणाऱ्यांनी दर शंभर पावलांनी खांदे बदलले. घाटाच्या पायथ्याशी पुढच्या बसने आम्ही सगळेच मंडलेश्वरला गेलो. डॉक्टरांनी तपासून मुरगळल्याचे सांगितले, हाड शाबूत होते.

बसच्या खिडकीतून निमाड निराळाच दिसत होता. वर आम्ही स्वेटर घालून निघालो होतो आणि येथे बाह्या दुमडाव्या लागल्या. गव्हाच्या जागी कापसाची पांढरी शेते आणि अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरच्या. रात्री धर्मशाळेत छताखाली झोपलो. त्या दिवशी काकूंनी पहिल्यांदाच मला विचारले की स्काउटिंगचे शिक्षण मोठ्यांनाही मिळते का. बेसिक कोर्स, मग अ‍ॅडव्हान्स कोर्स आणि पुढे हिमालय वुड बॅज, ज्याचे दोन लाकडी मणी माझ्या गळ्यात त्या पाहत होत्या, ही सगळी वाट मी त्यांना सांगितली. त्यांनी विचारले, “त्यात मागे चालायलाही शिकवतात का?” मी म्हटले, “शिकवतात, पण मला शिकायला फार वर्षे लागली.”

चौथा दिवस, २८ डिसेंबर

मंडलेश्वरहून महेश्वरपर्यंत नर्मदेकाठची वाट फार थोडी आहे. जखमी मुलगा रोव्हरबरोबर रिक्षाने गेला आणि बाकीचे चालत. या दिवसांत परिक्रमावासी उत्तर तटावरून पूर्वेकडे जात असतात, म्हणजे ते आम्हाला समोरून येऊन भेटणार हे उघड होते. म्हणून या दिवसाची सेवा मोगरा टोलीने आधीच ठरवली होती : घाटाच्या एका कोपऱ्यात गरम पाण्याची घमेली, मीठ, कापूस, पट्ट्या आणि मलम मांडून परिक्रमावाशांच्या पायांची काळजी घ्यायची. फोड फोडायचा नाही, तो धुऊन, कोरडा करून, भोवती मऊ कापडाची चकती ठेवून झाकायचा, एवढाच नियम. “नर्मदे हर” म्हणत एकामागून एक माणसे बसत गेली. साताऱ्याकडच्या एका आजींचे पाय धुताना मुलीने मराठीत विचारले की दुखते का, तेव्हा आजींनी तिच्याकडे आश्चर्याने पाहिले आणि इतक्या लांब मराठी कशी, असे विचारले. मुलगी म्हणाली, “आजी, आम्ही इंदूरचे. आमच्याकडे घरोघरी मराठीच बोलतात.” आजींनी किल्ल्याकडे हात करून म्हटले, “हां, मग तुम्ही बाईंच्या गावचे.”

बाईंचे गाव आधी हेच होते. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे अहिल्याबाईंनी कारभार येथून पाहिला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली. किल्ल्यातली त्यांची गादी पाहिली. ती इतकी साधी आहे की वाघ टोलीतल्या एकाने राजवाडा कुठे आहे असे विचारले. मग घाटाच्या पायऱ्यांवर बसून पोहे खाल्ले आणि दुपारच्या बसने परतलो.

पुढच्या रविवारी मानसभा झाली. तिचे निर्णय वहीत असे लिहिले आहेत : फाट्यावर दगडांच्या खुणेबरोबर झाडाला रुमालही बांधावा, कचरा उचलण्याआधी तो नेण्याचे वाहन ठरवावे, काकूंचे नाव फेब्रुवारीच्या बेसिक कोर्ससाठी पाठवावे, त्यांची हरकत नसल्यास. हरकत नव्हती. चौथा निर्णय मोर टोलीच्या नायकाने वाचून दाखवला, तेव्हा तो माझ्याकडे पाहत नव्हता : परतीच्या वाटेवर काकांची पिशवी चार जणांनी आळीपाळीने उचलली होती, ती नंतर काट्यावर तोलली असता नियमापेक्षा तीन किलो अधिक भरली, म्हणून यापुढे मोठ्यांच्या पिशव्याही आदल्या संध्याकाळी तोलल्या जाव्यात.